रिंगणीच्या धुरातला किडा

गावाकडे दाढ ठणकायला लागली की दवाखान्याच्या आधी चूल आठवायची. शेजारच्या आजी रसरशीत निखारा खापरावर काढायच्या, त्यावर तेलात घोळवलेल्या रिंगणीच्या वाळक्या बिया टाकायच्या आणि वर भोक पाडलेली करवंटी पालथी घालायच्या. भोकात पपईच्या पानाचा पोकळ देठ. दुखणाईतानं तो देठ तोंडात धरून ठणकणाऱ्या दाढेवर धूर घ्यायचा आणि सुटलेली लाळ पाण्याच्या थाळीत गळू द्यायची. जरा वेळानं आजी ती थाळी उजेडाकडे धरायच्या. ‘‘हा बघ, पडला किडा!’’

आणि थाळीत खरोखरच काहीतरी असायचं. पांढरं, बारीक, आकड्यासारखं वळलेलं. माझा तर विश्वासच बसला होता. आपल्या भाषेनं आधीच सांगून ठेवलं आहे ना की दाताला ‘कीड लागते’! सुश्रुतानं दातांच्या रोगांत ‘कृमिदंत’ सांगितला आहे आणि त्याच्याही कितीतरी आधी बाबिलोनच्या लोकांनी दातातल्या किड्याविरुद्ध मंत्र रचले होते. पण दात किडतो तो जिवाणूंमुळे. तोंडातले जिवाणू साखर खाऊन आम्ल सोडतात आणि ते आम्ल दाताचं कवच विरघळवतं. हे जिवाणू थाळीत डोळ्यांनी दिसणं शक्य नाही. मग थाळीत पडलेलं ते काय होतं?

किडा कुणाचा?

उत्तर स्वयंपाकघरात मिळतं. जून वांग्याचं एक बी रात्रभर भिजवा आणि सकाळी नखानं हलकेच सोला. चपट्या कवचाच्या आत एक पांढरा धागा वळून बसलेला दिसेल. तो बियातला गर्भ, म्हणजे उद्याचं रोप. वांगं, मिरची, टोमॅटो, रिंगणी या सगळ्या गोतावळ्याच्या बियांत गर्भ असाच वाकून किंवा वेटोळं करून बसलेला असतो. बी तापलं की आतल्या ओलाव्याची वाफ होते, कवच फुटतं आणि गर्भ बाहेर उडतो. ज्वारीची लाही फुटते तसंच, फक्त इथे बाहेर पडतो तो ‘किडा’.

युरोपातही अगदी हाच प्रकार चालायचा, आणि तोही याच कुळातल्या एका वनस्पतीच्या बियांवर. आपल्याकडे तिला खुरासानी ओवा म्हणतात. तिच्या बियांचा धूर दाताला देत आणि पडलेले किडे दाखवत. हे किडे म्हणजे बियांतून उडालेले गर्भ, हे पुढे तपासून दाखवलं गेलं. जॉन जेरार्ड या इंग्रज वनस्पतीपंडितानं तर १५९७ साली आपल्या ग्रंथात आणखी एक लबाडी उघड केली होती. काही फिरते दातवाले वाद्याच्या तारांचे बारीक तुकडे गुपचूप पाण्यात सोडत आणि तेच किडे म्हणून दाखवत. १७२८ मध्ये पियेर फोशार या फ्रेंच दंतवैद्यानं दातातल्या किड्याची कल्पनाच मोडीत काढली. आमच्या आजी लबाड नव्हत्या. थाळीत जे दिसलं त्यावर त्यांनी विश्वास ठेवला, इतकंच.

पण मग प्रश्न उरतो तो रिंगणीचा. गावाच्या कडेला धुळीत पसरलेलं, गुराढोरांनी टाकून दिलेलं, हात लावला की रक्त काढणारं हे झुडूप लोकांनी औषधासाठी निवडलं तरी का?

दोघी बहिणी आणि त्यांचा गोतावळा

रिंगणी आणि डोरली या दोन बहिणी समजा. रिंगणी जमिनीला चिकटून पसरते, म्हणून तिला भुईरिंगणीही म्हणतात. संस्कृतात ती कंटकारी. डोरली ताठ उभी राहते, कमरेला सहज लागते. ती संस्कृतातली बृहती. दोघींनाही वांग्यासारखी जांभळट चांदणीची फुलं येतात आणि गोल फळं लागतात. ज्या प्रजातीत या दोघी बसतात त्याच प्रजातीत वांगं, बटाटा आणि टोमॅटोही आहेत. तिच्यात बाराशेहून अधिक जाती मोडतात. सपुष्प वनस्पतींमधल्या सगळ्यांत मोठ्या गोतावळ्यांपैकी हा एक.

रिंगणीच्या शास्त्रीय नावाची गंमत सांगायलाच हवी. लिनियसनं १७५३ मध्ये तिला अमेरिकेतल्या व्हर्जिनियाचं नाव चिकटवलं. झाड आपलं, आशियातलं. पुढे दुसऱ्या एका पंडितानं तिला सुरतेचं नाव दिलं, ते निदान जवळचं तरी होतं. पण नामकरणाच्या नियमाप्रमाणे आधीचं नाव टिकतं, आणि त्यामुळे आपल्या माळावरची रिंगणी आज कागदोपत्री व्हर्जिनियाची रहिवासी आहे.

| चौकट : कोणती कोण? |
|---|
| रिंगणी जमिनीवर लोळते. पानांच्या दोन्ही बाजूंना सरळ, पिवळसर, सुईसारखे काटे. कच्चं फळ हिरवं आणि त्यावर पांढरे पट्टे, जणू गोटीएवढं कलिंगड. पिकलं की पिवळं. डोरली उभी वाढते. काटे आकड्यासारखे वाकडे, फळ वाटाण्याहून थोडं मोठं, पिकल्यावर नारिंगी. गोतावळ्यातल्या आणखी दोघी : सुंडक्काई पुरुषभर उंच, फुलं पांढरी, फळांचे घोस. कामोणी बिनकाट्याची, नाजूक. फळं पिकून काळी होतात. धोतरा चुलत घराण्यातला. त्याचं फूल कर्ण्यासारखं आणि फळ काटेरी. तो वरच्या कुणाच्याही जागी वापरायचा नाही. |

काटा, भोकाची डबी आणि भुंगा

वांगी घेताना आपण देठाचे काटे पाहतो. काटेरी वांगं चवीला चांगलं, असा आपला ठाम समज. तो काटा म्हणजे रिंगणीच्या काट्याचाच उरलेला अंश. या कुळाचा काटा लिंबाच्या काट्यासारखा नसतो. लिंबाचा काटा ही खरी तर छोटी फांदी असते. वांग्याचा किंवा गुलाबाचा काटा फक्त सालीतून वर येतो, म्हणून तो बोटानं दाबला की अलगद निघतो.

२०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानं या काट्यामागचं जनुक शोधून काढलं. पेशी वाढवणारं एक संप्रेरक तयार करण्याचं काम हे जनुक करतं. ते बिघडलं की काटा गायब. वांग्याच्या या प्रजातीत काटे निदान सोळा वेळा स्वतंत्रपणे गेले आणि प्रत्येक वेळी खोट याच घराण्यातल्या जनुकात निघाली. गुलाबाच्या काट्यामागेही तेच. या जनुकाचं नाव ‘लोनली गाय’. आपल्या गाईशी त्याचा काही संबंध नाही. इंग्रजीत त्याचा अर्थ ‘एकटा गडी’ असा होतो.

काटा पानं वाचवतो. फुलाची राखण वेगळ्याच पद्धतीनं चालते. रिंगणीच्या फुलात मध नसतो, द्यायला फक्त पराग असतात. तेही उघड्यावर मांडलेले नसतात. पाच पिवळे परागकोश एकमेकांना टेकून शंकू करतात आणि प्रत्येकाच्या टोकाला बारीक छिद्र असतं. भोकाच्या झाकणाची मिठाची डबी असते ना, तशी ही रचना. ती हलवल्याशिवाय काही बाहेर पडत नाही.

हलवणार कोण? मधमाशीला हे जमत नाही. जमतं ते लाकूड पोखरणाऱ्या काळ्या भुंग्याला आणि निळ्या पट्ट्यांच्या रानमाशीला. भुंगा शंकूला मिठी मारतो, पंख स्थिर ठेवतो आणि उडायचे स्नायू मात्र जोरात थरथरवतो. मोटार चालू, पण चाकं गिअरमध्ये नाहीत, असा प्रकार. त्या थरथरीनं परागांचा फवारा भुंग्याच्या पोटावर उडतो. वांग्याच्या वाफ्यात सकाळी उभे राहिलात तर फुलावरचा भुंगा एकदम चढ्या सुरात ‘झुंऽऽ’ करताना ऐकू येईल. हरितगृहातल्या टोमॅटोला तर युरोपात माणसं हातात विजेची थरथरणारी काडी घेऊन फिरत. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तिथे पाळलेले भुंगे सोडायला सुरुवात झाली आणि काड्या अडगळीत गेल्या.

कडूपणा करतो काय?

फुलाचं फळ झालं की राखणीचं काम रसायनाकडे जातं. कच्ची रिंगणी चाटून पाहण्याची हौस मी एकदाच केली. जिभेच्या मुळाशी कडू चिकटून बसलं आणि घसा खरवडल्यासारखा झाला.

या कडूपणाचं मूळ अल्कलॉइड. म्हणजे वनस्पतींनी बनवलेली, नायट्रोजन असलेली, प्राण्यांच्या शरीरावर जोरदार परिणाम करणारी द्रव्यं. तंबाखूतलं निकोटिन, चहातलं कॅफिन ही याच जातकुळीची. रिंगणीच्या अल्कलॉइडचं वैशिष्ट्य असं की त्याला साखरेच्या रेणूंची शेपटी जोडलेली असते. रेणूचा एक भाग तेलात रमणारा, शेपटी पाण्यात रमणारी. अशी दुहेरी वृत्ती साबणाची असते, रिठ्याची असते. म्हणून ही द्रव्यं पाण्यात घुसळली तर फेसही येतो.

साबण तेलकट डाग सोडवतो तेव्हा तो तेलाला धरून ओढतो. हा रेणू प्राण्याच्या पेशीवर तेच करतो. आपल्या पेशीभोवतीच्या नाजूक पडद्यात कोलेस्टेरॉल असतं, गोधडीतल्या टाक्यासारखं, पडद्याला घट्टपणा देणारं. रेणू नेमका त्या टाक्याला पकडतो. असे पुष्कळ टाके एका जागी ओढले गेले की पडद्याला भोकं पडतात आणि पेशी गळायला लागते. आतड्याच्या अस्तरावर हे झालं की उलट्या, पोटदुखी, जुलाब. शिवाय मज्जातंतूंचा निरोप पोहोचल्यावर तो पुसून टाकणारं एक विकर आपल्या शरीरात असतं. हा रेणू त्या विकराच्याही कामात अडथळा आणतो. फळा पुसलाच नाही तर नवं काय लिहिणार?

हिरवा पडलेला बटाटा टाकून द्यावा असं आपली आई सांगते, ते याच नात्यातल्या द्रव्यामुळे. उजेडात ठेवलेल्या बटाट्यात हरितद्रव्य वाढतं आणि त्याच्या जोडीनं विषही. हिरवा रंग विषारी नसतो, पण तो चुगली करतो. बाजारातल्या बटाट्यासाठी साधारण मानलेली मर्यादा किलोमागे २०० मिलिग्रॅमची आहे. हे द्रव्य उकडून जात नाही. त्यामुळे ‘शिजवलं की सगळं चालतं’ हा आपला भरवसा इथे उपयोगाचा नाही.

पिकण्याची वेळ

इथे एक विसंगती दिसते. फळ ही तर आमंत्रणाची गोष्ट. कुणीतरी खावं आणि बी लांब नेऊन टाकावं, यासाठीच झाड गर आणि रंग यांवर खर्च करतं. मग खाऊ मागायला आलेल्याला विष कशाला?

गुपित वेळेत आहे. कच्च्या फळातलं बी अजून तयार नसतं. त्या वेळी कुणी फळ खाल्लं तर झाडाचा नुसता तोटा. म्हणून कच्च्यात कडू भरपूर. बी जून झालं की रंग बदलतो, गर मऊ होतो आणि बऱ्याच जातींत विष उतरतं. कामोणीत हे सरळ दिसतं. शेताच्या बांधावरची काळी, पिकलेली कामोणी मुलं मुठीनं खातात, पण हिरवी तोंडात घेत नाहीत. मुलांना हे कुणी शिकवावं लागत नाही; जीभच सांगते.

रिंगणी मात्र पिवळी झाली तरी कडू राहते. पाहुणा कोण असावा, हेही काही झाडं ठरवून घेतात. याचा सुरेख पुरावा मिरचीत मिळाला. अमेरिकेतल्या ॲरिझोनात रानमिरचीवर झालेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की तिखट मिरचीला उंदीर तोंड लावत नाहीत, पक्षी मात्र मजेत खातात. पक्ष्यांना तिखट जाणवतच नाही. आणि हिशेब असा, की उंदराच्या दातांखाली बी भरडलं जातं आणि पक्ष्याच्या पोटातून ते धड बाहेर पडतं. म्हणजे मिरचीचा तिखटपणा हा दाराशी बसलेला रखवालदार. डोरली, सुंडक्काई यांच्या लहान फळांचीही ने-आण बुलबुलासारखे पक्षी करतात.

वांग्यात आपण हा सगळा बंदोबस्त शेकडो पिढ्यांत निवडून निवडून काढून टाकला. कडू फळाचं बी ठेवायचं नाही, काटेरी झाडाचं ठेवायचं नाही. तरी जून वांगं अजूनही कधी कधी दगा देतं आणि भाजी कडू होते. चातुर्मासभर वांगं सोडून चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवणाऱ्यांना कोवळं, गोड वांगं मिळतं, ते या निवडीच्या पुण्याईनं.

काढ्यातली रिंगणी

माणसानं रिंगणीचा औषधात जो वापर केला तो याच राखणदार रेणूंचा, पण बेतानं. बाळंतिणीच्या दशमूळ काढ्यातली दहा मुळं आठवा. त्यातल्या पाच लहान मुळांत डोरली आणि रिंगणी दोघी आहेत. सालवण, पिठवण आणि गोखरू या त्यांच्या सोबतिणी. खोकला आणि दमा यांवर कंटकारी अवलेह अजूनही आयुर्वेदिक दुकानांत मिळतो.

यामागे काय घडत असेल? साबणी द्रव्यांच्या अनेक वनस्पती खोकल्यावर वापरतात आणि त्याचं एक स्पष्टीकरण असं दिलं जातं : ही द्रव्यं जठराच्या अस्तराला किंचित चाळवतात. जठर आणि श्वासनलिका यांना एकाच मज्जातंतूचे फाटे जातात. जठराकडून खबर गेली की श्वासनलिका जास्त पातळ स्राव सोडते आणि चिकटलेला कफ सुटतो. उलटीच्या आधी तोंडाला पाणी सुटतं ना, त्याच जातीची ही प्रतिक्रिया, फक्त सौम्य. मात्रा वाढली तर मात्र तीच वाट थेट उलटीपर्यंत जाते.

तमिळनाडूतल्या संशोधकांनी दम्याच्या रुग्णांना रिंगणीची भुकटी देऊन पाहिली. १९९९ आणि २००४ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. श्वास थोडा मोकळा झाला, पण नेहमीच्या औषधांइतका नाही. मला हा निकाल पटतो. परंपरेत तथ्य आहे, पण दम्याचा झटका आलेल्या माणसाच्या हातातला पंप काढून तिथे काढ्याचा पेला द्यावा इतकं नाही. आणि माळावरचं फळ तोडून घरी स्वतःच प्रयोग करणं तर सरळ वेडेपणा.

दाताच्या धुरीचं काय? खुरासानी ओव्यात गुंगी आणणारी द्रव्यं आहेत, त्यामुळे त्याच्या धुरानं ठणका थोडा बधिर होत असेल. रिंगणीचे शेपटीवाले जड रेणू वाफ होऊन उडणारे नव्हेत. निखाऱ्यावर ते जळूनच जाणार. उरते ती ऊब, सुटलेली लाळ आणि किडा पडल्याचं समाधान. समाधानाला कमी लेखू नये, पण दाढ मात्र आतून पोखरत राहते.

ताकातली सुंडक्काई

तमिळ स्वयंपाकघरानं याच घराण्यातली एक कडू जात रोजच्या जेवणात आणली. तिचं नाव सुंडक्काई. हे झुडूप मूळचं अमेरिका खंडाच्या उष्ण भागातलं, पण आता दक्षिण भारतापासून थायलंडपर्यंत रस्त्याच्या कडेला उभं असतं. थाई लोक तिची कच्ची फळं हिरव्या रश्श्यात टाकतात. तमिळ गृहिणी ती ठेचून मीठ घातलेल्या आंबट ताकात भिजवतात, दिवसा उन्हात वाळवतात, रात्री पुन्हा ताकात टाकतात. काही दिवस असं केलं की सांडगी मिरचीसारखे काळपट मणी तयार होतात. ते तेलात तळून भाताबरोबर खायचे किंवा चिंचेच्या वत्तकुळंबूत सोडायचे.

ताकच का, याचं उत्तर प्रयोगशाळेत सापडतं. बटाट्यातलं किंवा वांग्यातलं हे अल्कलॉइड मोजायचं असेल तर रसायनतज्ज्ञ ते पातळ ॲसिटिक आम्लात, म्हणजे जवळजवळ व्हिनेगरच्या पाण्यात, विरघळवून बाहेर काढतात. आम्लात ते नुसत्या पाण्यापेक्षा चांगलं उतरतं. ठेचल्यानं वाट मोकळी होते, मीठ पेशीतलं पाणी ओढतं, आंबट ताक कडू धुऊन नेतं. कडू पुरतं जात नाही आणि जायलाही नको असतं. कारल्याच्या काचऱ्यांवर जीव टाकणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळं सांगायला नको.

अकोल्याच्या शेतातून औषधाच्या कारखान्यात

आता या गोष्टीतलं मला सगळ्यांत आवडणारं वळण. कोलेस्टेरॉलला अचूक पकडणारा हा रेणू स्वतः कोलेस्टेरॉलपासूनच बनतो. झाड थोडं कोलेस्टेरॉल तयार करतं, त्यात नायट्रोजन बसवतं, शेपटी जोडतं आणि त्याचं विष करतं. शेपटी तोडली की उरतो तो सोलासोडिन. त्याच्या मध्यभागी कोलेस्टेरॉलचाच सांगाडा असतो : एकमेकांना लागून चार खोल्या, तीन षटकोनी आणि एक पंचकोनी. आपल्या शरीरातली स्त्री-पुरुष संप्रेरकं आणि कॉर्टिसोन हे सगळे याच चार खोल्यांचे वाडे. फरक फक्त ओसरी-पडवीचा.

असा वाडा पायापासून बांधणं रसायनतज्ज्ञांना अतिशय महाग पडे. १९४० च्या दशकात रसेल मार्कर या अमेरिकी रसायनतज्ज्ञानं मेक्सिकोतल्या रानकंदात तयार सांगाडा शोधला आणि जादा पडवी पाडून प्रोजेस्टेरॉन मिळवलं. १९५१ मध्ये मेक्सिको शहरातच या वाटेनं गर्भनिरोधक गोळीतलं एक संप्रेरक तयार झालं. भारतात यासाठी हिमालयातला रानकंद वापरला गेला. तो इतका उकरला की संकटात आला. कंद वाढायला वर्षं लागतात आणि खणला की झाडच संपतं. मग नजर गेली वांग्याच्या रानटी भावंडांकडे. फळ तोडलं तरी झाड राहतं आणि पीक वर्षाच्या आत हाती येतं.

निवड झाली एका काटेरी जातीची. ती मूळची दक्षिण अमेरिकेतली, पण खासी टेकड्यांत रुळलेली, म्हणून तिला खासीचंच नाव पडलं होतं. तिच्या सुक्या फळात शेकडा दोन-तीन भाग सोलासोडिन. महाराष्ट्रात अकोला-जळगाव पट्ट्यात तिची शेती झाली. तोडणी हीच पहिली अडचण, कारण पानापानावर काटे. त्यामुळे कमी काट्यांचे वाण काढावे लागले. दुसरी अडचण वेळेची. द्रव्य सगळ्यांत जास्त भरतं ते फळ हिरव्याचं पिवळं होऊ लागतं तेव्हा. पुरतं पिकू दिलं की ते उतरतं. झाड पाहुण्यासाठी जो हिशेब मांडून बसलं होतं, त्याच हिशेबावर शेतकऱ्याला तोडणीची तारीख ठरवावी लागे.

पुढे सोयाबीनच्या तेलातून निघणाऱ्या द्रव्यांवर जिवाणू सोडून हेच सांगाडे स्वस्तात मिळू लागले आणि या काटेरी पिकाची मागणी ओसरली. तिकडे फ्लोरिडात हीच जात १९८८ मध्ये प्रथम नोंदली गेली आणि काही वर्षांत तिनं कुरणंच्या कुरणं व्यापली. जनावरं काटेरी पान टाळतात पण पिकलेलं फळ आवडीनं खातात, आणि शेण पडेल तिथे नवं झाड. शेवटी २००३ मध्ये तिथे दक्षिण अमेरिकेतून आणलेला पानं खाणारा भुंगेरा सोडावा लागला.

खालचं झाड वेगळं, वरचं वेगळं

आज या रानटी भावंडांचा सगळ्यांत रोकडा उपयोग जमिनीखाली चालतो. वांग्याच्या वाफ्यात हिरवीगार झाडं दोन दिवसांत माना टाकतात. हा मर रोग. त्याचे जिवाणू मुळातून शिरतात आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्या तुंबवतात. फवारणी करून काही होत नाही, कारण शत्रू नळाच्या आत. मातीतले सूत्रकृमी मुळांना गाठी आणतात, ते वेगळंच. सुंडक्काईची मुळं या दोघांनाही दाद देत नाहीत. म्हणून खाली सुंडक्काईचा खुंट आणि वर चांगल्या वांग्याची फांदी असं कलम बांधायचं.

कल्पना हापूसच्या कलमासारखीच, पण सगळं बोटभर रोपांवर. दोन्ही रोपं पेन्सिलीच्या शिशाएवढ्या जाडीची झाली की धारदार पात्यानं तिरका छेद घ्यायचा, तोंडाला तोंड लावायचं, वर छोटा चिमटा बसवायचा आणि आठवडाभर दमट, अंधाऱ्या जागी ठेवायचं. नळीला नळी जुळली की पान तरारतं. सुंडक्काईचं बी उगवायला आळशी आणि लहरी, म्हणून ते वांग्याच्या कितीतरी आधी पेरावं लागतं. जपानमध्ये याचा आणखी एक फायदा दिसला. मातीत कॅडमियम हा विषारी धातू असेल तर या खुंटावरच्या वांग्यात तो बराच कमी चढतो.

मग खुंटाचा कडूपणा वांग्यात चढत नाही का? या कुळात तशी भीती अगदीच निराधार नाही. धोतऱ्याचं विष मुळात तयार होतं आणि रसाबरोबर वर जातं. टोमॅटो धोतऱ्याच्या खुंटावर बांधला तर ते टोमॅटोत उतरतं, आणि अशी फळं खाऊन माणसं आजारी पडलेली आहेत. वांग्याच्या प्रजातीतले शेपटीवाले अल्कलॉइड मात्र बहुतेक जिथल्या तिथे, त्या त्या अवयवात तयार होतात. फळाची राखण फळच करतं. त्यामुळे वर गोड वांगं असेल तर फळ गोडच.

एक काम मात्र शेतकऱ्याला हंगामभर करावं लागतं. जोडाच्या खालून खुंट फुटवे काढत राहतो, ते वेळच्या वेळी खुडायचे. आठ-दहा दिवस दुर्लक्ष झालं की खालचा फुटवा वरच्या वांग्याला मागे टाकतो, त्याच्या खोडावर काटे दिसायला लागतात आणि जांभळ्या फुलांच्या वाफ्यात मधेच एका झाडाला पांढरी फुलं येतात.